वहीच्या मागच्या पानांवरचं ऐकणं

रोजमेळ
आमची सुताची पेढी होती, सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला. होती म्हणतो, कारण मागच्या दिवाळीत पाडव्याला नवीन वह्या घातल्या नाहीत. गाळा आवरताना माझ्या हातचे ३१ रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, निघाले, लाल कापडी बांधणीचे. कॉम्प्युटरवर टॅली आली तरी मी हाताने रोजमेळ लिहायचा सोडला नव्हता. सीए हसायचा, मी लिहायचो.

यातल्या प्रत्येक वहीची शेवटची आठ-दहा पानं हिशेबाची नाहीत. पाचनंतर गिऱ्हाईक पातळ व्हायचं, टेप लावायचो आणि काय ऐकलं, कसं वाटलं ते तिथेच मागच्या बाजूला लिहायचो. गाणं शिकलेलो नाही. २/२० सुताचा कोन हातात घेऊन वजन सांगेन, पण स्वर ओळखायला आजही दोन मिनिटं लागतात.

वडिलांचा एक नियम होता. रोजमेळात चुकलं तर खोडायचं नाही. खोडलेला आकडा म्हणजे संशय. चूक सापडेल त्या दिवशी उलटा जमाखर्च टाकायचा आणि तपशिलात लिहायचं, अमुक पानावरची चूक. ऐकण्याच्या नोंदींनाही मी तोच नियम लावला. त्यामुळे माझी सगळी अडाणी मतं जशीच्या तशी शाबूत आहेत. काही इथे टाकतो. हसायचं असेल तर हसा.

१७ जून १९९२: अमीर खाँ, मारवा. गवई चांगला आहे, पण घरी पोचतच नाही. पंचम लावायला विसरला काय? अर्ध्यात डुलकी. कॅसेट परत करणे.

कॅसेट परत केली नाही, कारण दुकानदाराने घेतली नसती. मग मधली सात वर्षं, एक नोंद सोडली तर, त्या नावावर काहीच नाही. आणि मग:

९ नोव्हेंबर १९९९: १९९२ ची मारव्याची नोंद उलट. चूक माझी.

त्या दिवशीचं सांगतो. आमच्या एका पार्टीचे माग भंगारात निघाले होते. पैसे येणार नाहीत हे मला दुपारीच कळलं होतं, तरी तो येईल म्हणून सातपर्यंत गल्ल्यावर बसून राहिलो. शटर अर्धं ओढलेलं. टेपमध्ये मारवा होता. मुद्दाम लावलेला नव्हता, आत राहून गेलेला. ‘पिया मोरे अनत देस’. तेव्हा कळलं की मारव्यात पंचम नसतोच आणि षड्जावरही टेकायचं नसतं. गवई कोमल रिषभाशी येतो, आता घरात शिरणार असं वाटतं आणि दारातून परत फिरतो. मी १९९२ मध्ये जी तक्रार लिहिली होती तेच त्या रागाचं काम आहे. माल बरोबर होता, मी मापात चुकलो होतो.

३ मार्च १९९४: अब्दुल करीम खाँ, ‘पिया बिन नाही आवत चैन’. तीन मिनिटं. आवाज नाकातला, बारीक. कुणी पोर हे ऐकून घर सोडतो हे पटत नाही.

तो पोर म्हणजे भीमसेन जोशी, हे सगळ्यांना माहीत आहे. अकराव्या वर्षी गाणं शोधत घराबाहेर पडले. या नोंदीचा उलटा जमाखर्च कधी टाकला ते सापडत नाही. पण २००१ पासून पुढे त्याच रेकॉर्डपुढे नुसत्या तारखा आहेत. तपशील कोरा. एका वर्षात चौदा तारखा. तेवढ्यावरून समजून घ्या.

सगळ्यात लाजिरवाणी ही:

२२ ऑगस्ट १९९६: हुबळीची गांधारी म्हणून कोणी बाई. आवाज फार गोड, पातळ, उंच. गंगूबाईंच्या आधीच्या पिढीतली असावी. हिचं पुढे काय झालं कोण जाणे. गंगूबाईंनी हिच्याकडून थोडा गोडवा घ्यायला हवा होता.

जाणकारांनी आता हसून घ्यावं. बाकीच्यांना कुणीतरी सांगेलच.

सातरस्ता
काका, आम्ही तुमच्या गाळ्यासमोरनं रोज शाळेत जायचो बे! आतनं कायम कोणतरी रडूलालंय असं वाटायचं. आज कळलं अमीर खाँ होते.

नवशिकी
वाचनखूण साठवली आहे. गांधारीचं काय ते कृपया कुणीतरी सांगा.

धारवाडपेढा
मीच सांगतो, गावकीचा मामला आहे. हुबळीची गांधारी म्हणजेच गंगूबाई हनगल. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गांधारी हे नाव छापलेलं आहे. आवाज तेव्हा खरंच पातळ आणि उंच होता. पुढे घशाच्या टॉन्सिलवर इलाज झाला आणि आवाज भारदस्त झाला, जवळजवळ पुरुषी. गांधारीचं पुढे काय झालं असा प्रश्न तुम्ही वहीत लिहिलात. ती कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आगगाडीने शिकायला जात राहिली आणि २००९ पर्यंत जगली.

पण रोजमेळ, तुमची नोंद मला तितकी चुकीची वाटत नाही. मीही दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकले आहेत आणि माझा मेंदू आजही ही एकच बाई आहे हे मानत नाही. लहानपणी घरात त्यांचं नाव निघालं की वडीलधारी मंडळी ‘आमची गंगव्वा’ म्हणायची. ती ठसठशीत खर्जाची. ही दुसरी मुलगी कोण, याचा पत्ता आमच्या घरातही कुणाला नव्हता.

खर्जातला
धागा वाचनीय. पण एका गोष्टीवर बोललं पाहिजे. तीन मिनिटांच्या तबकडीवरून गवयाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे. ७८ आरपीएमच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावत असे. त्यात स्थायी, अंतरा, दोन ताना, संपलं. ख्याल ही विस्ताराची कला आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मैफलीत तासन् तास गात. तबकडी म्हणजे फक्त नमुना.

रोजमेळ
खर्जातला, माझं पोट नमुन्यावरच भरलं हो. व्यापारी गाठ उघडून सगळं सूत तपासत नाही, एक लडी ओढतो. ती लडी नीट असली तर गाठ नीट.

आणि मला उलटंच वाटतं. तीन मिनिटांत काय टाकायचं हे ज्याला कळतं त्याला तीन तासांतही कळतं. तीन तास मिळाल्यावर काय टाकायचं ते विसरणारे गवई मी आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात ऐकले आहेत. नाव घेणार नाही. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद एका शब्दाची आहे: ‘बस चुकली.’

खर्जातला
हा युक्तिवाद नाही, हा विनोद आहे. 🙂 पण तुमच्याच बाजूने एक उदाहरण देतो. केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीतातलं एवढंच आहे. पहिलं यान २० ऑगस्टला गेलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. परग्रहावर कुणी असलाच तर त्यालाही नमुन्यावरूनच गाठ पारखावी लागणार.

सातरस्ता
परग्रहावरचा म्हणेल, घेतो, पण उधारीवर.

फ्लॅकभक्त
रोजमेळ, अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज नाकातला आणि बारीक वाटला त्यात थोडा दोष तुमच्या कॅसेटचा असू शकतो. जुन्या तबकड्या सगळ्या बरोबर ७८ ला कापलेल्या नसत. उतरवून घेताना वेग सहा टक्के जास्त पडला तर अख्खा सूर एका अर्ध्या स्वराने वर चढतो आणि आवाज पोरकट होतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर काळी चारचा गवई पांढरी सहा होऊन बसतो. दोन-तीन वेगवेगळ्या प्रती ऐकून बघा. माझ्याकडे त्याच ‘पिया बिन’ ठुमरीच्या तीन आहेत, तिन्हींचा षड्ज वेगळा.

दुसरं म्हणजे गांधारी आणि ही ठुमरी या दोन्ही मायक्रोफोनच्या जमान्यातल्या. १९२५ च्या आधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागायचं. खाँसाहेब कर्ण्यासाठीही गायले आहेत. १९०५ च्या आसपासच्या त्यांच्या तबकड्या मिळवून ऐका. तिथे ते मुलायम नाहीत, चपळ आहेत.

रोजमेळ
काळी चारचा पांढरी सहा! म्हणजे मी ज्या आवाजाला नावं ठेवली तो त्यांचा नव्हताच. ही नोंद उलट करायची कुणाच्या नावे? मशीन नावे?

फ्लॅकभक्त, तुम्ही आहातच तर एक विचारतो. बरीच वर्षं कुणाला विचारलं नाही. ही नोंद बघा.

११ मे १९९८: अमीर खाँ, मारवा. गाणं सुरू होण्याआधी, शांततेत, खाँसाहेबांचा आवाज अगदी दुरून येतो. तोच स्वर. मग खरा स्वर येतो. उन्हाने भास होतोय का? परत लावला. परत आला.

तेव्हा आमच्याकडे ४३-४४ चा उन्हाळा होता. वर पत्रा. डोकं फिरलं असेल म्हणून कुणाला बोललो नाही. पण पुढे दरवेळी त्या जागेशी आलो की कान टवकारायचे आणि यायचाच. मला तो आवडायला लागला. गाणारा येण्याआधी त्याची आठवण येते, असं काहीतरी.

फ्लॅकभक्त
भास नाही! दोन शक्यता आहेत.

पहिली टेपची. फीत रिळावर गुंडाळलेली असते, एका वेढ्यावर दुसरा. एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतं. गरमीत जास्त. पत्र्याखालच्या सोलापूरच्या गाळ्यात तर बघायलाच नको. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ, तिच्यात आणखी जास्त.

दुसरी मूळ रेकॉर्डची. तबकडी कापताना पुढच्या खाचेतला जोरकस आवाज मागच्या खाचेची भिंत किंचित हलवतो. मग एक वेढा आधी भूत ऐकू येतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. भूत बरोबर १.८ सेकंद आधी आलं तर ते रेकॉर्डमधलं, तुमच्या कॅसेटवाल्याने एलपीवरून उतरवताना तेही उतरवलं. टेपचं असेल तर अंतर ठरलेलं नसतं, रीळ भरलेलं आहे की रिकामं यावर बदलतं. मोजून सांगा.

कांडीवाली
काय सुंदर चाललंय इथे. मी गाणं कळणाऱ्यातली नाही, तरी लिहिते.

आम्ही पद्मशाली, विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात दोन्ही. अम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, घराच्या पुढच्या खोलीत चरखा. शेजारी चार माग, दिवसभर खडखडाट. तिच्याकडे एकच टेप होती, बालमुरलीकृष्णांनी गायलेली भद्राचल रामदासूंची कीर्तनं. माग चालू असताना काहीच ऐकू यायचं नाही. पण ती टेप लावायचीच. वीज गेली की माग बंद पडायचे आणि टेपही, म्हणजे शांतता आणि गाणं यांची गाठ कधी पडायचीच नाही. मग तिने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला, केवळ भारनियमनासाठी. वीज गेली की अख्ख्या गल्लीत एकदम सुन्न व्हायचं आणि आमच्या खिडकीतून ‘पलुके बंगारमायेना’.

लहानपणी मला वाटायचं हे वीज जाण्याचंच गाणं आहे.

मोठी झाल्यावर त्याचा अर्थ विचारला. तुझं बोलणं सोन्यासारखं दुर्मीळ झालंय का, असं रामाला विचारलंय. तो बोलतच नाही म्हणून. अम्मा म्हणाली, तुझ्या बापासारखा. आणि हसली. आमचे नाना खरंच दिवसाला दहा शब्द बोलायचे.

आता ती नाही. यूट्यूबवर तेच गाणं लावलं तर मला काही होत नाही. स्वच्छ आहे, पूर्ण आहे. पण वीज चालू असते ना.

नवशिकी
कांडीवाली, 🙏

रोजमेळ
कांडीवाली ताई, तुमचं वाचून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. आता गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात, पण पायरी तीच आहे.

रामदासूंवर माझ्या वहीत एक नोंद आहे, आणि ती एका तेलुगू गिऱ्हाइकामुळे आली. तो सूत घ्यायला यायचा आणि माझी टेप बंद करून आपली लावायचा. चार पैसे जास्त देत असल्यामुळे मी गप्प. त्याने सांगितलं, हा गोपन्ना म्हणजे गोवळकोंड्याच्या सुलतानाचा तहसीलदार. वसूल केलेला सरकारी पैसा याने भद्राचलमच्या राममंदिराला लावला. सुलतानाने कैदेत टाकलं. तिथे त्याने ही कीर्तनं रचली. शेवटी राम-लक्ष्मण माणसाच्या वेशात येऊन सुलतानाची सगळी रक्कम भरून गेले आणि पावती घेतली.

मी तोंडात पान धरून ऐकत होतो आणि एकदम म्हणालो, अरे, हे तर आमचे दामाजीपंत! मंगळवेढा इथनं तासाभरावर. बिदरच्या बादशहाचा अंमलदार, दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना उघडली, बादशहाने बोलावलं, आणि विठोबा विठू महार होऊन पैसे भरून आला, रसीद घेऊन. तोच हिशेब, फक्त कुलदैवत वेगळं.

नोंद अशी आहे:

५ फेब्रुवारी २००४: बालमुरली, रामदासू. भाषा कळत नाही. पण कळलं की हा आपल्यातला आहे, बाकी खेचून दुसऱ्याच्या नावावर टाकणारा. आवाज अजिबात केविलवाणा नाही. कैदेतला माणूस देवाला जाब विचारतोय, देणेकरी असून घेणेकऱ्यासारखा.

ही नोंद मी उलटी केलेली नाही.

खर्जातला
‘पलुके बंगारमायेना’ आनंदभैरवीत गातात. नावात भैरवी आहे म्हणून हिंदुस्थानी भैरवी शोधू नये, दोन्ही वेगळे. एवढंच सांगायचं होतं. बाकी दामाजीपंतांचं साम्य माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. मान गये.

धारवाडपेढा
तेलुगू झालं, आता कन्नड घ्या. सोलापूरकरांनो, मल्लिकार्जुन मन्सूर नाहीत का वहीत?

रोजमेळ
आहेत ना. सगळ्यात जास्त पानं त्यांचीच, आणि एकही उलटी नोंद नाही. पहिल्या दिवशी जमले ते जमले.

३० सप्टेंबर १९९३: मन्सूर, बिहागडा. हा माणूस आल्या आल्या कामाला लागतो. चहापाणी नाही. उधारी नाही. श्वास कुठे घेतो?

त्यांच्या गाण्यात मला एक चांगला व्यवहार दिसतो. तोंडी, झटपट, पण एक दमडी इकडची तिकडे नाही. मुखडा समेवर येतो तेव्हा ‘आलो’ असं सांगत नाही, बघेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. आधी ग्वाल्हेरची तालीम, मग मंजीखाँ, ते गेल्यावर भूर्जीखाँ. तीन मास्तरांचं शिक्षण आणि गाण्यात कुठे जोड दिसत नाही.

आणि त्यांचं ‘अक्क केळव्वा’. संत कवयित्री अक्कमहादेवीचं कन्नड वचन. अक्कलकोटकडचं एक कन्नड गिऱ्हाईक हे लागलं की पैसे मोजायचं थांबायचं. अक्का ऐक गं, मी एक स्वप्न पाहिलं, छोट्या छोट्या जटांचा एक जोगी भिक्षेला दारात आलेला, असं काहीसं त्याने सांगितलं. मग मला म्हणाला, मालक, तुमच्या गावचा सिद्धरामही असंच लिहायचा, कन्नडात, बाराव्या शतकात, तुम्ही वाचलंय का?

मी दर जानेवारीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजामागे ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ओरडत चाललेला माणूस. गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसवून भजी खाणारा. ६८ लिंगं स्थापली एवढं पाठ. आणि सिद्धेश्वर महाराजांनी, म्हणजे त्याच सिद्धरामांनी, लिहिलेली वचनं कन्नडात आहेत हे मला गिऱ्हाइकाने सांगावं! त्यांच्या वचनात शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी मुद्रा, म्हणजे सही, येते. त्या दिवशी वहीत मी गाण्यावर काहीच लिहिलं नाही. ‘लाज वाटली’ एवढंच आहे.

धारवाडपेढा
मन्सूर अण्णांची वचनं ऐकताना आमच्याकडे म्हातारी माणसं चष्मा काढून ठेवायची. का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ऐकायला चष्मा लागत नाही, हे खरंच. 😄

नवशिकी
मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. सगळे म्हणतात ऐक, मी ऐकला. ‘सहेला रे’ छान आहे, पण रडू वगैरे आलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

रोजमेळ
अजिबात नाही. मला ‘सहेला रे’ पहिल्या दिवशी प्रचंड आवडलं होतं (१९९५, ‘अमृत!!’ दोन उद्गारचिन्हं). मग लग्नात, उद्घाटनात, कुणाच्या तरी मोबाईलच्या रिंगला ऐकून ऐकून २०११ मध्ये लिहिलंय, ‘आता पुरे.’ हा एकच जमाखर्च मी उलट्या दिशेने टाकलेला आहे. रेकॉर्डचा त्यात दोष नाही.

पण त्याच बाजूला आधी ‘प्रथम सुर साधे’ आहे, विलंबित. तिथे लोक सुई उचलून पुढे टाकायचे. तुम्ही तिथेच थांबा. पाच स्वर आहेत फक्त, मध्यम नाही, निषाद नाही. पाच स्वरांत इतका वेळ कंटाळा कसा येत नाही याकडे लक्ष द्या. आला तर लिहून ठेवा.

फ्लॅकभक्त
सहमत. आणि ते इअरफोनवर नको, खोलीत.

सातरस्ता
काका, शास्त्रीयच हाय का सगळं? इंग्रजी काय नाय?

रोजमेळ
आहे. भाच्याने पेनड्राइव्ह दिला होता. ग्लेन गूल्ड नावाचा कॅनडाचा पियानोवाला, बाखचं गोल्डबर्ग. एक चाल, तिचे ३० प्रकार, शेवटी परत तीच चाल. त्याने ते १९५५ मध्ये वाजवलं, ३८ मिनिटांत. मग १९८१ मध्ये परत, तेच, ५१ मिनिटांत. पुढच्या वर्षी गेला.

१४ जुलै २०१५: पहिलं ऐकलं. जेकार्ड. भोकं पाडलेली पत्ती सरकत जावी तसं. सुबक. थकवा येतो.

१५ जुलै २०१५: दुसरं ऐकलं. तेच डिझाइन, हातमागावर. मागे कुणीतरी गुणगुणतंय. साथीदार? खुर्चीही करकरते.

साथीदार नव्हता, तोच गुणगुणायचा. भाच्याने सांगितलं की खुर्ची वडिलांनी करून दिलेली होती आणि मोडायला आली तरी त्याने बदलली नाही. आमच्या गल्ल्याची गादीही वडिलांनी बदलू दिली नव्हती. त्यामुळे मला हा माणूस आवडला, पियानोशी त्याचा संबंध कमी. गाण्याबद्दल मत द्यायचं तर सुरुवातीची ती चाल दुसऱ्यात इतकी हळू आहे की दोन स्वरांमध्ये मला फाटक उघडल्याचा आवाज यावा असं वाटतं. खर्जातला यांना सांगतो, इथे मी हरलो. हे तीन मिनिटांत जमलं नसतं.

खर्जातला
नोंद घेतली. खाडाखोड न करता.

रोजमेळ
फ्लॅकभक्त, मोजलं. जुना टेपरेकॉर्डर बेल्ट बदलून चालू केला. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दहा वेळा. माझं बोट काही यंत्र नाही, १.७ ते १.९ च्या मध्ये येतंय. मग गंमत म्हणून कॅसेटच्या दुसऱ्या टोकाचं, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीचंही मोजलं. तेवढंच.

फ्लॅकभक्त
मग भूत रेकॉर्डमधलंच. टेप निर्दोष. अभिनंदन, तुमची कॅसेट एलपीची इमानदार नक्कल आहे, खाचेच्या भिंतीसकट. स्वच्छ केलेल्या डिजिटल प्रतीत तो आधीचा भाग बहुतेक कापलेला असतो, गाणं थेट सुरू होतं.

रोजमेळ
हो. भाच्याच्या पेनड्राइव्हवर तोच मारवा आहे, तिथे नाही येत. मी थांबतो त्या जागी. मग गाणं एकदम सुरू होतं आणि मी दचकतो.

१९९८ च्या नोंदीत फक्त तपशील जोडला: ‘उन्हाचा भास नव्हे, खाच.’ नोंद उलट केलेली नाही.

कांडीवाली
रोजमेळ काका, तुमच्या वह्यांचं पुढे काय करणार? रद्दीत देऊ नका.

रोजमेळ
पुढची पानं सीएच्या सांगण्याप्रमाणे आणखी काही वर्षं ठेवावी लागतात. मागची त्यांना चिकटलेली आहेत, त्यामुळे आपोआप राहतील. नंतरचं नंतर.

नवशिकी
तुमचं वाचून काल संध्याकाळी सातला मारवा लावला. जुनी वही नव्हती म्हणून किराण्याच्या यादीची डायरी घेतली. ११ व्या मिनिटाला बंद केला. लिहिलंय: ‘अमीर खाँ, मारवा. अस्वस्थ वाटलं. कंटाळा नाही, पण अस्वस्थ. पुढे ऐकवेना. पोहे, शेंगदाणे, साबण.’

सातरस्ता
पेन्सिलीनं लिहिलं का पेनानं?

नवशिकी
पेनानं.